केबिनचं भाडं भरताना ते घर कुणाचं होतं हे पण विचारा

संपादकांस सप्रेम नमस्कार,

उन्हाळा संपत आला की आपल्या पेपरात मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईबाबांची पत्रं आणि छोटे लेख येतात, त्यात नॅशनल पार्कातल्या लाकडी केबिनचा एक तरी फोटो असतोच, व्हरांड्यात खुर्ची, मागे झाडं, हातात चहाचा कप. मी ते सगळे वाचते आणि मला आवडतात. त्याच पेपरात सातारा-सांगलीच्या पानावर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पर्यटन वाढवा, टेंट टाका, कॉटेज बांधा, पोरांना रोजगार मिळेल अशा मागण्याही वाचते. मी मूळची कराडची, आता बरीच वर्षं व्हर्जिनियात राहते, त्यामुळे ह्या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या वाटतच नाहीत आणि म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की चांदोली-कोयनेच्या जंगलालगत मुक्कामाच्या खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण जी गावं त्या जंगलातून उठवली त्यांची नावं आणि त्यांची माणसं त्या कामात पहिल्या दिवसापासून हवीत. ऐंशी वर्षांनी आठवण काढून काय होतं ते मी इथे बघितलंय.

इथे म्हणजे शेनंडोआ नॅशनल पार्कात. वॉशिंग्टनपासून गाडीने दीड-दोन तासांवर ब्लू रिज नावाची डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह नावाचा रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं सुमारे २ लाख एकर जंगल म्हणजे हे पार्क. डोंगर फार उंच नाहीत, सगळ्यात उंच हॉक्सबिल शिखर ४,०५१ फुटांचं, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमीच. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आसपासची मराठी मंडळी इथे लोटतात, भारतातून आईवडील आले की त्यांनाही इथेच आणतात, त्यामुळे तुमच्या वाचकांपैकी कितीतरी जण इथे येऊन गेले असतील.

राहायची सोय इथे दोन प्रकारची आहे आणि लोक त्यात फार गोंधळ करतात म्हणून जरा नीट सांगते. पहिला प्रकार म्हणजे स्कायलँड, बिग मेडोज आणि लुइस माउंटन, ही ठिकाणं रस्त्याला लागूनच आहेत, पार्कने कंत्राट दिलेली कंपनी ती चालवते, खोलीत वीज, बाथरूम, पलंग सगळं असतं. हंगाम साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबर, आणि ऑक्टोबरातले शनिवार-रविवार कित्येक महिने आधी भरून जातात, त्यामुळे तिकीट काढलं की लगेच केबिनचं बघा, आईबाबा पोचल्यावर बघू म्हणाल तर काही मिळत नाही. (पार्काखाली लुरे गाव आहे, ते स्वतःला व्हर्जिनियाची केबिन राजधानी म्हणवतं, तिथल्या हॉट टबवाल्या केबिन पार्कच्या बाहेरच्या आणि खाजगी आहेत, त्यांचा ह्याच्याशी संबंध नाही.) दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र आपल्या लोकांना जवळजवळ काहीच माहीत नसतं. पोटोमॅक अ‍ॅपलाचियन ट्रेल क्लब म्हणून १९२७ पासूनची एक डोंगरवेड्या लोकांची संस्था आहे, तिच्या ताब्यात पार्काच्या हद्दीत सहा केबिन आहेत, रेंज व्ह्यू, कॉर्बिन, रॉक स्प्रिंग, जोन्स माउंटन, पोकोसिन आणि डॉइल्स रिव्हर. ह्या कुणालाही भाड्याने मिळतात, आणि हॉटेलच्या मानाने अगदी कमी पैशात.

ह्या केबिनमध्ये वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. पाणी झऱ्याचं किंवा ओढ्याचं, ते उकळून नाहीतर फिल्टर करून प्यायचं. चूल लाकडाची, सरपण आसपास पडलेलं गोळा करायचं, बाहेरून साधं लाकूड आणायला बंदी आहे कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे पार्कात शिरतात. गाद्या, ब्लँकेटं, भांडीकुंडी आत असतात, तुम्ही फक्त शिधा आणि अंथरायचं-पांघरायचं घेऊन पाठीवर टाकून चालत जायचं, गाडी दारापर्यंत जातच नाही. आणि जाताना केबिन झाडून, भांडी घासून, पुढच्या माणसासाठी सरपण रचून कुलूप लावायचं. हे सगळं बघणारे लोक पगारी नाहीत, शनिवार-रविवारी कुऱ्हाडी-करवती घेऊन येणारे क्लबचे सभासद, त्यात निवृत्त झालेले कितीतरी, छप्पर गळलं तर तेच दुरुस्त करतात, पायवाटेवर झाड पडलं तर तेच कापतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. आपल्याकडे गड-किल्ल्यांवर श्रमदान करणारी पोरं आहेत ना, त्यांच्या हातात अशी एखादी वास्तू विश्वासाने दिली तर ते ती जीवापाड सांभाळतील ह्यात मला अजिबात शंका नाही.

आता कॉर्बिन केबिनबद्दल, कारण खरं सांगायचंय ते तिच्याबद्दलच. बाकीच्या काही केबिन क्लबने बांधल्या, काही तीसच्या दशकात सीसीसी म्हणजे मंदीच्या काळात सरकारने कामावर घेतलेल्या तरुण पोरांनी बांधल्या, पण कॉर्बिन केबिन हे एका माणसाचं राहतं घर होतं. जॉर्ज कॉर्बिन नावाच्या डोंगरी शेतकऱ्याने ते १९१० साली ओंडक्यांचं बांधलं. स्कायलाइन ड्राइव्हवरून दीडेक मैल पायवाटेने, हजारेक फूट खाली निकल्सन हॉलो नावाच्या घळीत उतरायचं, ह्यूज नदीच्या काठी ते घर आहे. १९२४ च्या हिवाळ्यात त्याची बायको, नी तिचं नाव, ह्याच घरात बाळंतपणात गेली. आणि १९३८ साली कॉर्बिनला ते घर सोडावं लागलं कारण तिथे नॅशनल पार्क झालं होतं. पुढे क्लबने १९५४ च्या सुमारास डागडुजी केली आणि आज तिथे बारा जणांना झोपता येतं. आपण ज्या खोलीत भाडं भरून रात्र काढतो तिथे एका बाईचा जीव गेलाय आणि तिच्या नवऱ्याला ती खोली सोडून जायला लावलंय, हे माहीत असेल तर माणूस तिथे वेगळ्या पद्धतीने वागतो, निदान मी तरी वागते.

आणि हे एकट्या कॉर्बिनचं नाही. ह्या पार्कासाठी जवळपास ५०० कुटुंबं उठवली. अमेरिकेच्या संसदेने पार्क करायला परवानगी दिली पण जमीन घ्यायला केंद्राचा पैसा देणार नाही म्हणून सांगितलं, मग व्हर्जिनिया राज्याने १९२८ साली स्वतः कायदा केला आणि आठ काउंट्यांमधल्या (म्हणजे इथले जिल्हेच) जमिनी सरसकट संपादन करून केंद्राला दिल्या. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना काहीतरी पैसे मिळाले, जे कुळं म्हणून किंवा नुसतेच पिढ्यानपिढ्या राहत होते त्यांना जमिनीचा एक पैसा मिळाला नाही. हे वाक्य लिहिताना मला कुठल्या देशाबद्दल लिहितेय हेच कळेनासं होतं, इतकं ते ओळखीचं आहे. रॉबर्ट व्हाया म्हणून एक शेतकरी कोर्टात गेला, केस थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९३५ साली तो हरला. मेलँक्टन क्लायझर म्हणून दुसरा एक, त्याचा रस्त्यालगत पेट्रोल पंप आणि खानावळ होती, त्याने पैसे घ्यायला नकार दिला, तर त्याच वर्षी त्याला बेड्या घालून घराबाहेर काढला, आणि तो माणूस बेड्या घातलेल्या हातांनी उभा राहून अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणत होता. २६ डिसेंबर १९३५ ला पार्क अधिकृत झालं, ३ जुलै १९३६ ला अध्यक्ष रूझवेल्टनी बिग मेडोजला येऊन ते देशाला अर्पण केलं.

ह्या लोकांबद्दल तेव्हा काय काय लिहिलं गेलं ते वाचून राग येतो. स्कायलँड हे रिसॉर्ट १८९० च्या दशकात जॉर्ज फ्रीमन पोलॉकने काढलं, शहरी श्रीमंत लोक उन्हाळ्यात तिथे येऊन राहायचे, खालच्या घळीतली माणसं त्यांच्याकडे राबायची, त्यांना टोपल्या विकायची. म्हणजे डोंगरात भाड्याची केबिन हा धंदा पार्कच्याही आधीचा आहे आणि तो ह्याच माणसांच्या जीवावर उभा राहिला. आणि पार्कचं घाटत असताना ह्याच माणसांना मागासलेली, अडाणी, जगापासून तुटलेली ठरवलं गेलं, त्यांना बाहेर काढणं त्यांच्याच भल्याचं आहे असं छापून आलं. चेस्टनटची झाडं रोगाने मेली होती, ती गेल्यावर त्यांचं उत्पन्न बुडालं होतं, गरिबी होती हे खरंच आहे. पण त्यांच्याकडे शेतं होती, सफरचंदाच्या बागा होत्या, शाळा होत्या, चर्च होती, दफनभूमी होत्या. आजही पार्काच्या हद्दीत शंभराच्या वर घराण्यांच्या दफनभूमी आहेत, चालताना झाडीत अचानक थडग्यांचे दगड दिसतात.

ह्या लोकांनी जाता जाता पार्कच्या साहेबांना पत्रं लिहिली, ती जपून ठेवली आहेत. माझ्या मनातून ती जात नाहीत. त्यात मागण्या काय, तर माझ्या घराच्या खिडक्या-दारं काढून नेऊ का, ह्या वर्षीची सफरचंदं उतरवून नेऊ द्याल का, शेजारचं रिकामं घर मोडणार असाल तर त्याच्या फळ्या मला मिळतील का. स्वतःच्या घराच्या खिडकीसाठी अर्ज करायचा. आणि पुष्कळदा उत्तर नाही असंच यायचं. रिकामी झालेली बरीचशी घरं नंतर पाडून टाकली नाहीतर जाळली, म्हणजे पार्क आधीपासूनच निर्मनुष्य जंगल होतं असं वाटावं. काही म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहायची परवानगी दिली, त्यातल्या शेवटच्या, अ‍ॅनी शेंक नावाच्या आजी, १९७९ साली गेल्या.

लुइस माउंटनचंही सांगायला हवं कारण आपले लोक तिथल्या केबिन भाड्याने घेतात आणि कुणाला काही माहीत नसतं. ती जागा १९३९ साली फक्त काळ्या लोकांसाठी म्हणून उघडली होती, पार्कात इतर ठिकाणी त्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने राहता-जेवता येत नव्हतं. ही विभागणी पूर्णपणे संपायला १९५० साल उजाडलं. आज तिथे शेकोटीभोवती आपली पोरं अंताक्षरी खेळतात, खेळू देत की, पण त्यांना ही गोष्ट सांगा, त्यांच्या शाळेच्या पुस्तकातल्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

पार्कने हे सगळं मोकळेपणी सांगायला फार उशीर केला. आता बिग मेडोजच्या बर्ड व्हिजिटर सेंटरमध्ये विस्थापितांचा इतिहास मांडलाय, आणि आठही काउंट्यांमध्ये त्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी पुढाकार घेऊन दगडी धुराडी स्मारक म्हणून बांधायला घेतली, खाली आडनावं कोरलेली, कारण घरं पाडल्यावर पुष्कळ ठिकाणी धुराडं तेवढंच उभं राहिलं होतं. चांगलं काम आहे. पण ज्याला उठवलं त्याने ते नाव कोरलेलं बघितलं नाही.

आता आपल्याकडे येते. चांदोली अभयारण्य १९८५ चं, राष्ट्रीय उद्यान २००४ साली झालं, २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर ह्या दोन्ही जंगलांची नावं गेली. अभिमान वाटावा असंच आहे आणि मला वाटतो. पण त्या आत गावं होती. झोळंबीच्या सड्याचा, म्हणजे तिथल्या कातळी पठाराचा फोटो आता फुलांसाठी फिरतो, पण झोळंबी हे गाव होतं. त्याच्याही आधी कोयना धरणात गावं गेली, माणसं सोलापूरपासून ठाणे-रायगडपर्यंत कुठे कुठे नेऊन बसवली. माझ्याबरोबर शाळेत पुनर्वसित वसाहतीतली मुलं होती, त्यांच्या आज्या गावच्या देवाचं नाव काढलं की रडायच्या, कारण देऊळ मागे जंगलात राहिलं होतं आणि देवाला जायचं तर फॉरेस्टची परवानगी लागायची. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाबरोबर ह्या लोकांनी वर्षानुवर्षं ठिय्या आंदोलनं केली, जमिनीसाठी, पाण्यासाठी, कागदावर जे देतो म्हणाले होते त्यासाठी. कॉटेज बांधायच्या आधी ते देणं पुरं करा, हे सगळ्यात पहिलं.

आणि मुक्कामाची सोय करायचीच तर कशी करावी ह्याबद्दल चार गोष्टी इथलं बघून सांगाव्याशा वाटतात. नवीन काँक्रीट जंगलाच्या आत ओतू नका, जुनी फॉरेस्टची विश्रामगृहं आहेत ती दुरुस्त करा आणि बाकी जे काय ते हद्दीबाहेरच्या गावांत घराघरांतून होऊ द्या. खोल्या साध्या ठेवा, कमी ठेवा, स्पीकर बंद म्हणजे बंद. बुकिंग उघड आणि ऑनलाइन असू द्या, जो आधी पैसे भरेल त्याला खोली, कारण आपल्याकडे सरकारी विश्रामगृह म्हटलं की ओळख लागते, चिठ्ठी लागते आणि ऐनवेळी साहेब येणार म्हणून आपलं बुकिंग जातं, हे माझ्या भावाच्या कुटुंबाच्या बाबतीत एका ठिकाणी झालंय, लहान पोरं घेऊन त्यांना रात्री घाट उतरून परत यावं लागलं. आणि चालवायला द्यायचं तर बाहेरच्या ठेकेदाराला देऊ नका, उठवलेल्या गावांतल्या कुटुंबांची सोसायटी करा, तिला आधी विचारा, स्वयंपाक, गाइड, राखण, हिशेब सगळं त्यांच्याकडे, नफाही त्यांच्याकडे. प्रत्येक खोलीला फुलाचं किंवा पक्ष्याचं नाव देण्यापेक्षा उठलेल्या गावाचं द्या आणि दारात लिहा की हे गाव कुठे होतं, किती घरं होती, आता माणसं कुठे आहेत. ज्या दिवशी मागे राहिलेल्या देवळात जत्रा असेल त्या दिवशी पर्यटकांचं बुकिंग बंद ठेवा, त्या दिवशी जंगलात जायचा मान गावकऱ्यांचा.

कुणी म्हणेल जुन्या जखमा कशाला उकरता, लोक दोन दिवस मजा करायला येतात. मला नाही पटत. शेनंडोआत मी ज्यांना ज्यांना कॉर्बिनची गोष्ट सांगितली त्यांच्यातला एकही जण हिरमुसला नाही, उलट पुढच्या वेळी तीच केबिन मिळते का विचारतात, पोरं भिंतीवर हात फिरवून ओंडके कसे बसवलेत ते बघतात. वाघासाठी जंगल राखणं गरजेचं आहे हे मी मानते, शेनंडोआतही तोडलेल्या डोंगरावर आज दाट झाडी आहे आणि अस्वलं सुखाने हिंडतात, मला ती परत जायला नकोयत. पण ते जंगल कुणाच्या तरी घरावर उगवलंय, आणि त्या जंगलाच्या मुक्कामाचे पैसे तिसराच कुणीतरी घेणार असेल तर ते अन्यायाचं आहे.

आपल्या पेपरच्या ज्या वाचकांना इथे यायचंय त्यांना दोन शब्द. अस्वलांचा परिसर आहे, खाणं व्हरांड्यात किंवा गाडीत उघड्यावर दिसेल असं ठेवू नका, फराळाचा डबा पण नाही, माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. बारा जणांच्या केबिनमध्ये अठरा जण नेऊ नका, आपले ग्रुप हे सर्रास करतात आणि मग पाण्याचे, संडासाचे हाल होतात आणि नाव सगळ्यांचंच खराब होतं. गुडघे दुखत असतील तर कॉर्बिन केबिनचा हट्ट नको, परतीला तेवढा चढ आहे, लुइस माउंटनला गाडी दाराशी जाते. स्कायलाइन ड्राइव्हवर वेग ३५ मैल, बर्फ पडला की रस्ताच बंद करतात, फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नाही, तेव्हा निघायच्या आधी कुठे जातोय हे घरी सांगून ठेवा.

आणि संपादकांना एक विनंती. कोयना आणि चांदोलीतून उठलेल्या गावांतले कितीतरी लोक आज सांगली, सातारा, सोलापूर, रायगडला तुमचा पेपर वाचत असतील. त्यांच्याकडून पत्रं मागवा, गावाचं नाव काय, घर कुठे होतं, देव कुठला, जत्रा कधी असायची, आता तुम्ही कुठल्या वसाहतीत, जमीन मिळाली का. ज्यांना आठवतंय ते आता सत्तरी-ऐंशीला आलेत, लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. जेवढी येतील तेवढी छापा, जिल्ह्याच्या पानावर रोज एक छापलंत तरी चालेल, आणि त्याचा एक गठ्ठा करून वनविभागाला आणि पर्यटनाची कामं बघणाऱ्यांना कॉटेजचे नकाशे मंजूर व्हायच्या आत पाठवा.

आपली नियमित वाचक,
व्हर्जिनिया, अमेरिका (मूळ गाव कराड)